माजघराची भिंत : वाईच्या घराच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

आईच्या खुब्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. वॉकर घेऊन ती घरभर फिरते, माजघरात मात्र अडते. एकीकडे मधला खांब, दुसरीकडे बाळंतिणीच्या खोलीची भिंत, आणि त्या खोलीचं दार जेमतेम पावणेदोन फुटी. वॉकर आडवा केल्याशिवाय आत जात नाही आणि वॉकर आडवा केला की आई उभी राहू शकत नाही. माडीवर झोपणं तर बंदच झालंय. म्हणून ठरलं : भिंत काढायची, जमलं तर खांबही काढायचा, आणि माजघर नि बाळंतिणीची खोली मिळून एकच मोठी खोली करायची. पलंग, कमोडची खुर्ची, रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंची गादी, सगळं तिथे मावलं पाहिजे.

मापं घेतली. भिंत पूर्व-पश्चिम, आतून १३ फूट. जाडी १४ इंच. जमिनीपासून तुळईच्या खालच्या अंगापर्यंत सव्वासात फूट. उत्तरेला माजघर, रुंदी १२ फूट. दक्षिणेला खोली, रुंदी ७ फूट.

दुपारी एका कंत्राटदाराला दाखवलं. त्याने भिंतीवर बुक्की मारली. "ही नुसती आडोशाची भिंत, साहेब. जुन्या वाड्यात सगळा भार लाकडावर असतो. दोन दिवसांत मोकळं करून देतो." तो म्हणाला ते चूक नाही. वाड्यांत भार लाकडी चौकट घेते, भिंती मधल्या जागा भरायला असतात, हे मीही ऐकत आलोय. पण याच भिंतीचा गिलावा दर पावसाळ्यात एकाच जागी, मधोमध, कमरेच्या उंचीवर फुगून पडतो. आम्ही त्याला ओल म्हणत आलो. छपरातून गळत नाही, मोरी त्या बाजूला नाही, मग ओल येते कुठून हे कुणी विचारलं नाही. कंत्राटदाराला कळवतो म्हणालो.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून माडीवर. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडापासून, सुरुवात करून कुठलं लाकूड कुठल्या लाकडावर बसलंय ते बघत खाली उतरलो. वहीत आकृती काढली, तीनदा खोडली.

कौलं, रिपा, वासे, मग आढं. आढ्याला माडीवर मधोमध एक खांब. लपंडावात राज्य आलं की याच खांबाला डोकं टेकून शंभर मोजायचो. चाळीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही की हा उभा कशावर आहे. उभा आहे तो खालच्या भिंतीवरच्या तुळईवर, बरोबर मध्यावर.

माडीची जमीन कडीपाटाची : कड्या, वर फळ्या, वर माती आणि चुन्याचा कोबा. एका कोपऱ्यात फळी सडून भोक पडलंय, तिथून जाडी मोजली. माती-कोबा मिळून चार इंच. कड्या दक्षिणोत्तर. माजघराच्या कड्या मधल्या खांबावरच्या तुळईपासून निघून या भिंतीवरच्या तुळईवर येतात, खोलीच्या कड्या पलीकडच्या भिंतीपासून निघून याच तुळईवर येतात. दोन्हीकडची टोकं एकमेकांशेजारी बसलीत. म्हणजे दोन्ही खोल्यांच्या छताचा अर्धा-अर्धा भार आणि वर छपराचा खांब, सगळं या एका तुळईवर.

आणि तुळई कशावर? खाली खांब दिसत नाही. तेरा फुटांच्या तुळईवर मधोमध खांब ठेवून खाली काहीच न देणारा सुतार त्या काळात वाईत तरी नसावा.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सगळ्यांना सुट्टी. सुतारकाका मत देऊन बोटाची शाई सुकायच्या आत आले. हातात दाभण आणि छोटा हातोडा, बाकी काही नाही. हातोड्याच्या दांड्याने लाकडावर टकटक करत गेले. चांगला साग खणखणतो. पोखरलेला भद्द वाजतो. शंका आली की दाभण टोचायची. चांगल्या लाकडात टोक रुततं आणि थांबतं.

भिंतीवरची तुळई ठीक. मधल्या खांबावरच्या तुळईला उभी चीर आहे, जुनी, धूळ भरलेली. खुद्द खांबाकडे काका जरा जास्तच वेळ बघत बसले.

"हा मागनं लावलेला आहे, दादा."

"कशावरून?"

सोप्यातले खांब बघा म्हणाले. प्रत्येकाखाली काळ्या दगडाचा तळखडा, वर तुळईला आधार देणारे कोरलेले लाकडी हस्त. याला हस्त नाहीत, नुसती फळी ठोकलीय. खाली तळखडा नाही, शहाबादीचा तुकडा आहे. शिवाय सोप्यातले खांब वर निमुळते होत जातात, हा वरपासून खालपर्यंत सारखा. पन्नास वर्षांचा मी, हे आज पाहिलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून इंजिनिअर मॅडम आल्या. जुन्या घरांचीच कामं करतात. आल्याआल्या भिंतीकडे न बघता माडीवर गेल्या, तेव्हा बरं वाटलं.

नंतर भिंतीत मध्यावर तीन भोकं पाडायला सांगितली : एक तुळईखाली, एक कमरेला, एक जमिनीलगत. मिस्त्रीने छिन्नीने गिलावा काढला. वरच्या भोकात विटेच्या आत दीड इंचावर लाकूड लागलं. सात इंची चौकोनी खांब, सागवान, दाभण थांबते. म्हणजे खांब आहे, भिंतीत गाडलेला.

मधल्या भोकात, गिलावा फुगतो बरोबर तिथेच, दाभण मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढली तर टोकाला ओलसर भुसा. खालच्या भोकात खांबच नव्हता. खांबाच्या आकाराची पोकळी, कडेने पापुद्र्यासारखं लाकूड, आत वाळवीच्या मातीचे पोपडे, आणि तळाशी रिकामा बसलेला तळखडा. मॅडमनी मोबाईलचा दिवा आत धरला आणि आम्ही आळीपाळीने डोळा लावून पाहिलं. तळखड्याच्या मधलं, खांबाचं टोक बसायचं कुसाचं भोक स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी समजावलं ते असं. ही भिंत बांधली तेव्हा तिच्यावर भार नव्हता, भार खांबावर होता. वाळवीने खांबाचा पाय खाल्ला तसतसा खांब हळूहळू खाली टेकायला लागला आणि त्याला घट्ट बिलगलेल्या विटांनी तो भार उचलला. मातीच्या सांध्यातल्या विटा, वरून भार आला की मधे फुगणारच. गिलावा पडत होता तो ओलीने नाही, दाबाने. आडोशाची भिंत गेली वीस-तीस वर्षं तरी भार वाहतेय.

दोन दिवसांत मोकळं झालं असतं खरं.

३० नोव्हेंबर, शनिवार

मॅडमचं गणित आलं. मी कॉमर्सचा माणूस, पण हिशेब वाचता येतो.

कडीपाट, माती, कोबा मिळून चौरस मीटरला साधारण २१० किलो. माणसं-सामानाचे राहत्या घराला चौरस मीटरमागे २०० किलो धरायचे, तसं भारतीय मानक सांगतं. तुळईच्या वाट्याला दोन्ही बाजूंची मिळून दोन मीटर रुंदीची पट्टी येते. म्हणजे तुळईच्या प्रत्येक मीटरवर, स्वतःच्या वजनासकट, सुमारे ९०० किलो. त्यात मध्यावर छपराच्या खांबाचे आणखी ९०० किलो. भिंत आणि खांब गेल्यावर चार मीटरच्या गाळ्यात हे सगळं मिळून साडेचार टन. प्रत्येक टोकाला सव्वादोन टन.

पहिला विचार तुळईखाली एक लोखंडी गर्डर सरकवायचा. २०० मिलिमीटरचा आय गर्डर (इंग्रजी I च्या आकाराचा) ताकदीला पुरतो, पण मध्यावर नऊ-साडेनऊ मिलिमीटर वाकेल. वर चुन्याचा कोबा आहे, तो तडकेल. २५० चा घेतला तर वाक चार मिलिमीटरवर येतो. पण २५० म्हणजे दहा इंच. सव्वासात फुटांतून दहा इंच गेले की उरतात सात इंच कमी सात फूट. वाड्यात डोकं आपटायच्या जागा आधीच पुष्कळ आहेत. शिवाय तो गर्डर पावणेदोनशे किलोचा, आणि आमच्या बोळात समोरून सायकल आली तरी एकाला ओट्यावर चढावं लागतं.

म्हणून दुसरा मार्ग. तुळई आहे तिथेच ठेवायची आणि तिच्या दोन्ही अंगांना २०० मिलिमीटरचे चॅनल (इंग्रजी C च्या आकाराचं लोखंड) लावून आरपार बोल्टांनी आवळायचे. तुळई नऊ इंच उंच, चॅनल आठ, त्यामुळे खाली काहीच लोंबत नाही. दोघांचा मिळून वाक सहा मिलिमीटरच्या आत, तोही पूर्ण भार धरून. मीटरला २२ किलो, म्हणजे साडेचार मीटरचा एकेक चॅनल शंभर किलो. चार माणसं उचलतात.

७ डिसेंबर, शनिवार

कागदाची कामं. नगरपालिकेत अर्ज, सोबत मॅडमचा दाखला आणि नकाशे. पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, त्यांच्या तुळयांची टोकं तिच्यात आहेत, म्हणून त्यांचं संमतिपत्र. शेजारच्या काकांनी सही केली आणि विचारलं, "माझ्याही भिंतीत असेच खांब असतील का रे?" असतील म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. चहा थंड झाला.

११ डिसेंबर, बुधवार

कामाचा दिवस नाही, पण नोंद करायला हवी. रात्री आईला फोन केला (ती कालपासून साताऱ्याला ताईकडे, काम संपेपर्यंत तिथेच राहील). तारखेवरून तिलाच आठवलं. "आज कोयनेचा भूकंप." ११ डिसेंबर १९६७, पहाटे. तिचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. कौलं घरंगळून अंगणात पडली, आठवडाभर सगळे परसात झोपले, थंडीत. आणि मग म्हणाली, "तुझ्या आजोबांनी मग माजघरात तो खांब लावला. तुळई वाजली होती ना."

मी गप्पच. सुतारकाकांना एक तास लागला, मॅडमना त्यांची फी द्यावी लागली, आणि जिला ठाऊक होतं ती समोर बसून पोळ्या लाटत होती.

"कुठून आणला खांब?"

"आणतोय कुठून! गोठ्यातला. म्हैस विकली होती नं त्या साली."

फोन ठेवून खांबापाशी गेलो. गुडघ्याच्या वर एक खोलगट वळसा आहे, सगळीकडून फिरलेला, बोट फिरवलं तर काचेसारखा गुळगुळीत. लहानपणापासून मी त्याला नक्षी समजत होतो. दाव्याने घासलेलं आहे ते.

२१ डिसेंबर, शनिवार

पश्चिम टोकाचं काम. पूर्वेची भिंत दगडी, चांगली आहे, तिथे चॅनलची टोकं एक फूट आत घेऊन खाली काँक्रीटचा ठोकळा. पश्चिमेची सामाईक भिंत आतून पोकळ वाजते आणि शेजाऱ्यांच्या तुळईला धक्का लावायचा नाही, म्हणून तिथे भिंतीला चिकटून नवा लोखंडी खांब : १०० मिलिमीटरची चौकोनी नळी, वर-खाली जाड पत्रा. त्याच्यासाठी पाया, अडीच फूट बाय अडीच फूट. तीन फुटांवर कडक मुरूम लागला. जाळी, काँक्रीट. भार यायला अजून सहा आठवडे आहेत, तोवर पाणी मारायचं काम सोबतीच्या बाईंकडे. त्या म्हणाल्या, एरवी आजींना पाणी देते, आता खड्ड्याला.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आजचा दिवस वाईट गेला.

पाडायच्या आधी भार दुसरीकडे घ्यायचा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना, अडीच फूट अंतर सोडून, लोखंडी प्रॉपची, म्हणजे स्क्रूने वर घेता येणाऱ्या तात्पुरत्या टेकूंची, एकेक रांग. रांगेत पाच. वर कड्यांखाली आडवी जाड फळी, खाली जमिनीवर तशीच दुसरी, म्हणजे भार एका फरशीवर येत नाही. माडीवर आढ्याला दोन प्रॉप, तेही बरोबर खालच्या रांगांच्या डोक्यावर. वरचा प्रॉप दोन खालच्यांच्या मधे आला तर भार फळी मोडून खाली येतो. मॅडमनी हे तीनदा सांगितलं.

आणि आवळायचे कसे? एकेकाचा स्क्रू पाव फेरा, क्रमाने, रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. घर उचलायचं नाही. कड्यांच्या खाचेतून चुन्याची भुकटी गळायला लागली की थांबायचं.

नळीपातळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चार ठिकाणी खुणा केल्या होत्या, जुन्या चिरांवर काचेच्या पट्ट्या प्लास्टरने चिकटवून वर तारीख टाकली होती. घर हललं तर काच आधी तुटते.

माजघराच्या बाजूचा चौथा प्रॉप आवळत होतो. तिसऱ्या फेरीला स्क्रू हलका फिरायला लागला. मिस्त्री म्हणाला, "घेतोय अजून." घेत काही नव्हता. खाली 'खच्च' असा आवाज झाला, शहाबादी फरशी तिरकी झाली आणि प्रॉप फळीसकट आत गेला. एक-दीड इंच असेल, पण त्या क्षणी हातभर वाटला. वर माडीवर काहीतरी कडाडलं. सगळे दारात.

दहा मिनिटं कुणी आत गेलं नाही. मग मॅडमना फोन. त्यांनी विचारलं, काच तुटली का? दोन नंबरची तुटली होती. पातळी? त्या कोपऱ्यात अकरा मिलिमीटर खाली. बाकी नऊ प्रॉप घट्ट आहेत का? आहेत. भिंत शाबूत आहे का? आहे. "मग घर पडत नाही. तो प्रॉप सोडवा, फरशी काढा, खाली काय आहे बघा."

फरशी काढली. खाली काळोख. बॅटरी टाकली तर गोल, आत फुगत गेलेली, शेणाने सारवलेली विहीर. तोंड दोन फूट, खाली पाचेक फूट रुंद, अर्धी राडारोड्याने भरलेली.

साताऱ्याला फोन लावला.

"अगं, माजघरात खाली काय आहे?"

"पेव आहे की. हळदीचं. तुझ्या बाबांनी बुजवलं, पण अर्धंच. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस भिंतीचं."

सांगलीजवळच्या हरिपूरला जाऊन हळद साठवायची जमिनीखालची पेवं बघून आलोय मी, फोटो काढून. स्वतःच्या माजघरात एक आहे, त्यावर शाळेचा अभ्यास केला.

५ जानेवारी, रविवार

सुतारकाकांनी परसातल्या मोडक्या तुळईचे आठ फुटी दोन तुकडे आणले. पेवाच्या तोंडावरून ते आडवे टाकले, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट घट्ट जमिनीवर टेकतील असे, वर फळी, मग प्रॉप. आता भार पेवावर नाही. दिवसभर पाव-पाव फेऱ्यांनी तो कोपरा वर घेतला. अकरातले सहा मिलिमीटर परत आले. उरलेले पाच मॅडम म्हणाल्या सोडून द्या, त्याच्या मागे लागलात तर दुसरीकडे तडकेल.

माडीचं मधलं दार आता घासतं. रंधा मारायला काकांना सांगितलं.

११ ते १३ जानेवारी

भिंत उतरवली. 'पाडली' म्हणू नका असं मिस्त्रीचंच म्हणणं. ब्रेकर आणला होता, मॅडमनी परत पाठवायला लावला : मातीच्या सांध्यांना थरथर सोसत नाही आणि शेजारच्या भिंतीचेही सांधे तेच आहेत. छिन्नी, हातोडा, पहार. वरून खाली, तीन फुटांची एक पट्टी उतरवायची, प्रॉप तपासायचे, मग पुढची.

तुळईखालचा वीतभर थर निघाला तेव्हा सगळे तिकडेच बघत होते. काही झालं नाही. तुळईखालून पलीकडच्या खोलीतला उजेड माजघरात आला, इतकंच. बाळंतिणीच्या खोलीत खिडकी आहे हे माजघराला पहिल्यांदाच कळलं.

खोलीच्या बाजूने एक कोनाडा निघाला, आतून डांबरासारखा काळा. एरंडेलाच्या दिव्याची काजळी. माझे दोन काका, आत्या, ताई आणि मी, सगळे त्या दिव्याशेजारी जन्मलो. मिस्त्रीने विचारलं, ठेवायचा का? भिंतच जातेय, कोनाडा कशात ठेवणार?

मधल्या दिवशी गाडलेला खांब पूर्ण मोकळा झाला. वरचे साडेचार फूट इतके चांगले की काकांनी रंधा मारला तर सागाचं तेल नाकाला लागलं. खालचे पावणेतीन फूट हाताने कुस्करता येत होते. मधली सीमा एका बोटाएवढी, तिथे वाळवी थांबलेली. का थांबली, काकांनाही सांगता येईना.

भिंतीचं माप ११० घनफूट होतं, ढिगारा दीड ब्रासच्या, म्हणजे दीडशे घनफुटांच्या, घरात गेला. साबूत विटा वेगळ्या काढल्या, परसात रचल्या. माती-चुन्याचा राडा बोळातून बाहेर न्यायचा म्हणजे घमेल्याघमेल्याने टेम्पोपर्यंत. मग लक्षात आलं, पेव आहेच की. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, वरून धुम्मसाची ठोकणी. बाबांनी अर्धं सोडलेलं काम पूर्ण झालं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद. प्रॉपच्या जंगलात बसून तिळगूळ खाल्ला. पातळीत फरक नाही.

१८ जानेवारी, शनिवार

चॅनल आले. टेम्पो बोळाच्या तोंडाशी, तिथून खांद्यावर. कोपऱ्यावरच्या वळणाला साडेचार मीटरचा चॅनल वळेना, तेव्हा एक टोक वर उभं करून पोस्टाच्या पेटीवरून फिरवला. बोळातली सगळी पोरं सूचना देत होती.

घरात वेल्डिंग करायचं नाही हे मॅडमनी लिहूनच दिलं होतं. वाळलेला साग आणि वाळवीचा भुसा, एक ठिणगी पुरते. त्यामुळे सगळी भोकं कारखान्यातून पाडून आणलेली, १६ मिलिमीटरच्या बोल्टांसाठी, दीड-दीड फुटावर, एक वर एक खाली. तुळईत भोक पाडताना पाचव्या ठिकाणी गिरमिट थांबलं. आत जुना लोखंडी खिळा, बोटाएवढा जाड, चौकोनी, घणाने घडवलेला. तो निघेना. शेवटी चॅनललाच इंचभर बाजूला नवं भोक. त्यात अर्धा दिवस गेला.

तुळई दोन तुकड्यांची आहे, सांधा बरोबर गाडलेल्या खांबाच्या डोक्यावर. खांब गेला की सांधा उघडा. तिथे खालून १२ मिलिमीटर जाडीचा फूटभर पत्रा, दोन्ही चॅनलना बोल्टांनी धरलेला. माडीवरचा खांब आता त्या पत्र्यावर उभा आहे म्हणायचं.

रात्री साडेनऊला शेवटचा बोल्ट. बसवायच्या आधी चॅनलला रेड ऑक्साईडचे दोन हात दिले होते, तरी सगळ्यांचे हात लाल.

१९ जानेवारी, रविवार

पूर्वेच्या ठोकळ्यावर आणि पश्चिमेच्या खांबावर न आकसणारं ग्राउट (फटी भरायचा पातळ सिमेंटचा मसाला) भरलं. चॅनल आणि कड्या यांच्यात कुठे बोटभर, कुठे चार बोटं फट. जुन्या घरात दोन कड्या एका पातळीत नसतात. काकांनी प्रत्येक कडीसाठी सागाच्या पाचरी वेगळ्या तासल्या. सव्वीस कड्या, सव्वीस जोड्या. हे काम पैशात मोजता येत नाही, तरी त्यांनी ते मोजलं आणि बरोबर मोजलं.

मग गाडलेला खांब कापला. करवत शेवटच्या अर्ध्या इंचाला आली तेव्हा अडकेल असं मला वाटत होतं, भार असला की पातं चिमटतं. सरळ निघाली. म्हणजे त्याच्यावर तेव्हा काहीही नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रॉप सोडायचा दिवस. मॅडम स्वतः आल्या. आवळले त्याच क्रमाने उलट, पाव-पाव फेरा, प्रत्येक फेरीनंतर पाच मिनिटं थांबायचं. दुसऱ्या फेरीला पाचरी कुरकुरल्या. तिसऱ्या फेरीला मध्यावर ठण् असा एक आवाज, बोल्ट भोकात बसल्याचा. सातव्या फेरीला प्रॉप हाताने हलायला लागले.

मध्यावर पातळी : ३ मिलिमीटर खाली. मॅडमचा अंदाज हाच होता, कारण माणसं-सामानाचा भार अजून वर नाही. पश्चिमेचा पाया : शून्य. काचा : सगळ्या शाबूत.

माडीवर जाऊन खांबाला डोकं टेकून पाहिलं. कुणी बघत नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार

मधल्या खांबाचा प्रश्न. मॅडमचं म्हणणं, काढता येईल, पण वरची तुळई चिरलेली, तिलाही असेच दोन चॅनल, आणखी एक पाया, आणखी दोन महिने. मी तयार होतो. अंदाजपत्रकही मागवलं.

आई आज साताऱ्याहून आली, बघायला. वॉकर घेऊन दारातून आत, जिथे भिंत होती ती जागा ओलांडून खिडकीपर्यंत. मग वळली, वॉकर तिथेच सोडला आणि चार पावलं चालून मधल्या खांबाला हात घातला. मी ओरडलो. ती म्हणाली, "अरे, इथवर मी नेहमीच अशी येते. रात्री उठते तेव्हा हाच धरते. हा काढलास तर मी धरू काय, तुझं अंदाजपत्रक?"

खांब राहतोय. शहाबादीचा तुकडा काढून खाली नीट पाया घ्यायचा, चिरलेल्या तुळईला लोखंडी पट्टे मारायचे. हाताच्या उंचीला सागाचा आडवा दांडा बसवायचा. लाकूड गाडलेल्या खांबाच्या वरच्या साडेचार फुटांतलं, काकांनी राखून ठेवलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

पातळी : मध्यावर ४ मिलिमीटर. पलंग आला, माडीवर सामान परत गेलं, त्याचा एक. काचा ठीक, फक्त तीन नंबरला केसाएवढी रेघ. मॅडमना फोटो पाठवला : गिलावा वाळतोय, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू.

राहिलेली कामं : भिंतीच्या जागी फरशीचा १४ इंची पट्टा, जुन्या शहाबादीशी रंग जुळत नाही. पूर्वेच्या ठोकळ्याला चुन्याचा गिलावा. सोप्यातल्या आणि परसाकडच्या भिंतींत प्रत्येक खांबाच्या पायाशी भोक पाडून दाभण घालायची, वाळवीचं औषध मारायचं. शेजारच्या काकांकडे मिस्त्रीला घेऊन जायचं, त्यांनी दोनदा निरोप पाठवलाय. आणि आईसमोर घराचा नकाशा घेऊन बसायचं. कुठे काय बुजवलंय, कुठे काय गाडलंय, एकेक जागा विचारायची. काल ती सहज म्हणाली की परसातल्या आडावरही फरशीच टाकलीय. आड कुठला, ते अजून विचारायचंय.